२००४ चे ३९ दिवस : वामनदादा, प्रल्हाद शिंदे आणि रे चार्ल्स

कुपवाडमध्ये १४ एप्रिलची मिरवणूक निघते तेव्हा आम्ही काही जण दरवर्षी एक प्रश्न विचारतो. गाणे जोरात वाजत असते, पोरे बेभान नाचत असतात, गाण्याचा शब्द न् शब्द त्यांना पाठ असतो. शेजारच्या पोराला विचारायचे, "हे कुणी लिहिलंय रे?" कुणी म्हणतो, "यूट्यूबवरचं आहे." कुणी एखाद्या आजच्या गायकाचे नाव घेतो. सर्वांत जास्त वेळा मिळणारे उत्तर असते, "जुनं आहे."

"जुनं आहे" हे उत्तर आम्हाला टोचते. पोरांचा त्यात दोष नाही. नाव त्यांना कुणी सांगितलेच नाही, आणि सांगण्याचे काम आपले होते. ज्या समाजाचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला किंवा लिहिलाच नाही, त्या समाजाने स्वतःच्या गाण्यावरचे नाव पुसले जाऊ द्यावे, ही साधी गोष्ट नाही. म्हणून आज एका वर्षाबद्दल लिहितो आहोत. ते वर्ष २००४.

१३ मे २००४ ला लोकसभेचे निकाल लागले. दिल्लीत सरकार बदलत होते, देशाचे लक्ष तिकडे होते. दोनच दिवसांनी, १५ मे रोजी, लोककवी वामनदादा कर्डक गेले. १० जून रोजी अमेरिकेत रे चार्ल्स हा कृष्णवर्णीय गायक गेला. २३ जून रोजी प्रल्हाद शिंदे गेले. पहिल्या आणि शेवटच्या निधनात अंतर ३९ दिवसांचे. एकमेकांना कधीही न भेटलेली ही तीन माणसे. तिघांच्या मागे गुलामगिरीचा किंवा अस्पृश्यतेचा इतिहास, आणि तिघांनी त्या इतिहासाला गळ्यातून उत्तर दिले. मात्र त्यांच्या मरणानंतर जे घडले ते सारखे नव्हते. त्या फरकातून आपल्याला शिकायचे आहे.

आधी आपली माणसे. वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. तरुणपणापर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. लिहायला-वाचायला ते मुंबईत येऊन शिकले. ३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गाणे रचले आणि पुढची साठ वर्षे बाबासाहेबांचा विचार गावोगाव, वस्तीवस्तीत पायी फिरून गायला. हजारो गाणी लिहिली. 'वाटचाल', 'मोहळ' अशा संग्रहांत त्यातली थोडीच आली. बाकीची कुणाच्या वहीत, कुणाच्या ओठांवर राहिली. मराठी चित्रपटांसाठीही त्यांनी गीते लिहिली, पण त्यांची ओळख राहिली ती रात्रभर चालणाऱ्या वस्तीतल्या कार्यक्रमाची.

प्रल्हाद शिंदे १९३३ चे. भीमगीत, कव्वाली, लोकगीत, विठ्ठलाची गाणी, सगळ्यांत त्यांचा खडा आवाज. आषाढी जवळ आली की मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर टपरीटपरीवर तोच आवाज लागतो. ज्या घरांत भीमगीताचा आवाज आला की खिडकी लावून घेतात, त्या घरांतही प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते भक्तिभावाने ऐकली जातात. गळा एकच. अर्धा स्वीकारायचा आणि अर्ध्याकडे कान बंद करायचे, ही या महाराष्ट्राच्या ऐकण्यातली जात आहे.

इथे आपल्यातल्याच एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातल्या गायकाने देवाची गाणी का गायली, असे काही कार्यकर्ते विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. पण गाण्यावर पोट असलेल्या कलावंताला बाजारात काय विकले जाईल हे ठरवण्याची मुभा कितपत होती, हेही विचारले पाहिजे. विचाराची शिस्त समाजाने पाळावी. कलावंताच्या भुकेचा हिशेब मांडल्याशिवाय त्याच्यावर निकाल देऊ नये. तिकडे रे चार्ल्सवर उलट्या बाजूने तोच आरोप झाला होता. चर्चमधल्या भजनाची चाल उचलून त्याने प्रेमगीते गायली, तेव्हा त्याच्याच समाजातल्या धार्मिक मंडळींनी त्याला पापी ठरवले होते.

आता या रे चार्ल्सबद्दल. जन्म १९३० चा, जॉर्जिया राज्यातला. सातव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली. गरिबी, वर्णभेद, अंधत्व असे तिन्ही भोग वाट्याला आले. १९६१ साली जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात त्याचा कार्यक्रम होता. गोऱ्यांची आणि काळ्यांची जागा वेगळी ठेवली आहे हे कळल्यावर त्याने गायला नकार दिला. कार्यक्रम मोडल्याबद्दल त्याला दंड झाला. त्याच जॉर्जियाने १९७९ साली त्याने गाजवलेल्या गाण्याला राज्यगीताचा दर्जा दिला. आणखी एक गोष्ट आपल्या कलावंतांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९६० च्या सुमारास नव्या कंपनीशी करार करताना त्याने आपल्या ध्वनिमुद्रणांची मालकी स्वतःकडे राखली. आपल्या किती गायकांकडे स्वतःच्या कॅसेटची मालकी होती?

तो गेल्यानंतरचे वर्ष पाहा. ऑगस्ट २००४ मध्ये त्याचा शेवटचा गाण्यांचा संच बाजारात आला. ऑक्टोबरमध्ये त्याच्या आयुष्यावरचा 'रे' हा चित्रपट आला. फेब्रुवारी २००५ मध्ये त्या संचाने आठ ग्रॅमी पुरस्कार मिळवले आणि त्याची भूमिका करणाऱ्या जेमी फॉक्सला ऑस्कर मिळाले. तिकडे २००४ हे सबंध वर्षच कृष्णवर्णीय संगीताचे होते. बिलबोर्डच्या यादीत एकट्या अशरची चार गाणी मिळून २८ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना कापसाच्या मळ्यात राबवले, त्यांचे गाणे त्या देशाचे गाणे झाले होते.

हे सगळे गोऱ्यांच्या उदारपणामुळे झाले, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. त्यामागे कृष्णवर्णीयांनी शंभर वर्षे चालवलेले नोंद ठेवण्याचे काम आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९०३ साली आपल्या समाजावर ग्रंथ लिहिला. त्यात प्रकरणांच्या माथ्यावर गुलामांच्या गाण्यांची स्वरलिपी छापली आणि शेवटचे अख्खे प्रकरण त्या गाण्यांना दिले. अडाण्यांचे गाणे म्हणून हिणवले जाणारे गाणे त्यांनी इतिहासाचा दस्तऐवज म्हणून उभे केले. याच ड्युबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या आणि अस्पृश्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या स्थितीतल्या साम्याकडे लक्ष वेधले होते. बाबासाहेबांनी तिकडचा अभ्यास केला तो कागद मागवून. हे आपण विसरतो.

१९४१ साली फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाने आणि अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाने मिळून मिसिसिपीतल्या खेड्यांत ध्वनिमुद्रणाचे यंत्र नेले. तिथल्या एका मळ्यावर काम करणाऱ्या तरुणाचा आवाज त्यांनी मुद्रित केला. तो तरुण १९४३ साली शिकागोला गेला आणि मडी वॉटर्स या नावाने जगभर गाजला. त्याच १९४३ साली वामनदादांनी पहिले गाणे रचले. पण वामनदादांच्या चाळीत कुणी यंत्र घेऊन आले नाही.

तिकडचेही सगळे गोड नाही. मिसिसिपीच्या त्या कामाचा मूळ विचार आणि मोठा अभ्यास फिस्कमधले कृष्णवर्णीय संगीततज्ज्ञ जॉन वर्क यांचा होता. श्रेय गेले ते ग्रंथालयाच्या गोऱ्या संशोधकाला, ॲलन लोमॅक्सला. जॉन वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे लिखाण अनेक दशके कागदांच्या ढिगात पडून राहिले आणि २००५ साली पुस्तकरूपाने बाहेर आले. 'रे' चित्रपटातही जॉर्जियाने त्याच्यावर आजन्म बंदी घातल्याचे दाखवले आहे; तशी बंदी कधी नव्हतीच. म्हणजे नोंद दुसऱ्याच्या हातात गेली की नाव पुसले जाते किंवा गोष्ट रंगवली जाते. तेव्हा नोंद असून भागत नाही, ती आपल्या हाताची असावी लागते.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. गाण्या-बजावण्याची स्मृती कशी जपायची हे सांगलीला कुणी शिकवायला नको. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली इथे नाटक केले. त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे आणि दर ५ नोव्हेंबरला त्यांच्या नावाचे पदक दिले जाते. मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची आठवण दर्ग्याच्या उरुसातल्या संगीत सभेने दरवर्षी जागवली जाते. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या सगळ्याचा आम्हाला आनंदच आहे. पण यातून एक गोष्ट कळते. आठवण आपोआप टिकत नाही. तिला जागा लागते, तारीख लागते, पैसा लागतो आणि नोंदवही लागते.

याच जिल्ह्यात वाटेगाव आहे, अण्णा भाऊ साठे यांचे. याच मिरज तालुक्यात कवलापूर आहे, काळू-बाळू या नावाने तमाशा गाजवणाऱ्या लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांचे. जुन्या सातारा जिल्ह्याच्या या मातीत सत्यशोधक जलसे झाले. नाशिककडे भीमराव कर्डक यांच्या जलशाने बाबासाहेबांची चळवळ निरक्षर माणसापर्यंत नेली. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, अशा आशयाचे बाबासाहेबांचे बोलणे चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मग ज्या जलशाला इतकी किंमत दिली जात होती, त्यात ढोलकी कुणी वाजवली, झिलकरी कोण होते, त्यांची नावे कुठे आहेत?

नोंद असली की काय होते ते शाहीर विलास घोगरे यांच्याकडे पाहून कळते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसे मारली गेली. काही दिवसांतच घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. त्यांचा गाता आवाज आज ऐकता येतो, कारण आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात तो टिपला होता. दुसरे उदाहरण ओव्यांचे. हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव लिहिलेले आहे. नाव लिहिल्यामुळे ती बाई 'लोकपरंपरा' या गोल शब्दात विरघळून गेली नाही. आपल्या मिरवणुकीतले गाणे मात्र रोज विरघळते आहे. उद्या त्यावर कुणी 'पारंपरिक' असा शिक्का मारून ते स्वतःच्या नावावर विकले, तर आपल्याकडे पुरावा काय?

डीजेवर राग काढून हे सुटणार नाही. आवाजाची मर्यादा पाळावी, म्हाताऱ्या-आजाऱ्यांचा विचार करावा, हे आम्ही म्हणतोच. पण नाचणाऱ्या पोराला नावे ठेवणारा कार्यकर्ता स्वतः पाच भीमगीतांचे कवी सांगू शकतो का, हे त्याने आधी तपासावे.

काम सरळ आहे. आपल्या वस्तीत साठी-सत्तरी ओलांडलेले गायक, ढोलकीवाले, पेटीवाले, कव्वालीच्या पार्टीत टाळी धरणारे अजून आहेत. मोबाइल घेऊन त्यांच्याकडे जा. गाणे मुद्रित करा आणि त्याआधी त्यांच्याच तोंडून पाच गोष्टी बोलून घ्या : नाव, गाव, साल, गाणे कुणाकडून शिकले, साथीला कोण होते. बायांकडे आवर्जून जा, कारण त्यांची गाणी मंचावर आलीच नाहीत. गाण्यांच्या वह्यांचे पान न् पान फोटो काढून ठेवा. ट्रंकेतल्या कॅसेट चालू स्थितीत आहेत तोवर संगणकावर उतरवून घ्या. प्रत्येकाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. २००५ आणि २०१९ च्या महापुराने सांगलीला शिकवले आहे की पाणी घरात शिरले तर माणूस आधी लेकरे, मग धान्य, मग कागदपत्रे वाचवतो. कॅसेटच्या डब्याची पाळी येत नाही.

आणि मिरवणुकीत प्रत्येक गाण्याआधी माईकवरून कवीचे आणि गायकाचे नाव घ्या. दहा सेकंद लागतात. बॅनरवर पुढाऱ्यांच्या रांगेत एक ओळ वामनदादांना, एक प्रल्हाद शिंदे यांना द्या.

यंदा १५ मे ते २३ जून हे ३९ दिवस कुपवाडमध्ये आम्ही या कामाला देणार आहोत. इतर गावांतल्या मंडळांनीही हेच दिवस धरावेत, असे आमचे आवाहन आहे. चित्रपट, पुरस्कार, ऑस्कर येतील तेव्हा येतील. त्यांची वाट बघत बसण्याचे कारण नाही. पुढच्या १४ एप्रिलला एखाद्या पोराला विचारले, "हे कुणी लिहिलंय रे?", आणि नाचता नाचता त्याने नाव सांगितले, तर ३९ दिवस कारणी लागले असे आम्ही समजू.

जयभीम!