ग्रामजोशाचा हक्क आणि घरचा पुरोहित

मराठी मुलखातल्या खेड्यात एकेकाळी लग्न निघाले म्हणजे ते दोन घरांपुरते कार्य राहत नसे; साऱ्या गावगाड्याच्या हक्कांचा आणि मानपानाचा जमाखर्चच त्या मांडवाखाली मांडला जाई. कुंभाराने बोहल्याची मडकी आणावी, परटाने पायघड्या घालाव्या, गुरवाने पत्रावळी पुरवाव्या, न्हाव्याने नवरदेवाची हजामत करावी, मांगाने वाजंत्री वाजवावी, आणि आपापल्या कामाप्रमाणे शिधा, नारळ, खण किंवा पागोटे घेऊन प्रत्येकाने परतावे, असा रिवाज होता. बलुतेदारांच्या याच मांडणीत ग्रामजोशीही होता. पंचांग सांगणे, मुहूर्त काढणे आणि अंतरपाट धरून मंगलाष्टके म्हणणे हे त्याचे काम, आणि त्याबद्दलची दक्षिणा हे त्याचे वतन.

जन्मापासून मरणापर्यंतच्या कुणब्याच्या विधींकडे पाहिले, तर त्यांतला केवढा मोठा भाग पुरोहितावाचून पार पडत असे, हे ध्यानात येते. बाळंतिणीच्या खोलीत पाचव्या रात्री सटवाईची पूजा सुईण आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका करीत. बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. जावळ काढायला न्हावी. हळद लावायला सुवासिनी. कुळदेवतेच्या गोंधळाला गोंधळी. आयुष्याच्या एका अवस्थेतून दुसरीत माणसाला नेण्याचे काम मुख्यत्वे बायकांनी आणि बलुतेदारांनीच केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तथापि ज्या क्षणाला शास्त्राची आणि पुढे सरकार-दरबाराची मान्यता होती, तो लग्न लागण्याचा क्षण मात्र जोशाच्या स्वाधीन होता. आणि जी भाषा वधूला कळत नाही, वराला कळत नाही आणि मांडवातल्या बहुतेकांनाही कळत नाही, त्या भाषेत तो क्षण उच्चारला जात असे.

जोशाचा हक्क इतर बलुतेदारांच्या हक्कांहून एका बाबतीत फार निराळा होता, आणि या साऱ्या इतिहासाचे मर्म तेथेच आहे. कुंभाराने मडके दिले नाही, तर त्याचा मोबदला त्याला मिळत नसे. मात्र जोशाला बोलावलेच नाही, दुसऱ्याच भटजीकडून कार्य करविले, तरी आपली दक्षिणा बुडाली म्हणून तो यजमानावर दिवाणी दावा लावू शकत असे. इंग्रजी अंमलाचे धोरण धर्मात हात न घालण्याचे असले, तरी वतन ही मिळकत, आणि मिळकतीचे रक्षण करणे हे न्यायालयाचे काम. या न्यायाने ब्रिटिश न्यायासनांनी ग्रामजोशांचे असे हक्क मान्य केले होते. ज्या रिवाजाला पूर्वी गावकीची सोय आणि लोकलज्जा सांभाळीत असे, त्याला आता मुन्सफाचा हुकूमनामा आणि जप्ती यांचे पाठबळ मिळाले. परंपरेने चालत आलेली गोष्ट कायद्याच्या चौकटीत शिरली म्हणजे किती कठोर होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

जोतीराव फुल्यांनी पुण्यात 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली, त्या वेळी त्यांच्यासमोर हे सारे होते. दहा वर्षांनी, 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभीच त्यांनी शेतकऱ्याच्या घरातली गर्भधारणेपासून अंत्यविधीपर्यंतचा एकेक प्रसंग घेऊन, त्या त्या वेळी त्याच्या घरातून काय आणि कसे जाते, याची जी तपशीलवार हकीकत दिली आहे, ती वाचताना एखाद्या दक्ष कारकुनाने कुळाची खतावणी तपासावी तसे वाटते. शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे शोधणारा हा पुरुष सारा आणि सावकार यांच्या बरोबरीने संस्कारांचाही हिशेब करतो, ही दृष्टी त्या काळात विलक्षणच म्हटली पाहिजे.

जोतीरावांचे खरे मोठेपण मला पुढच्या गोष्टीत दिसते. संस्कार लुबाडणुकीचे साधन झाले आहेत, तेव्हा संस्कारच नकोत, असे म्हणणे तर्काला सोपे होते. त्यांनी तसे म्हटले नाही. लग्न, गृहप्रवेश, मृत्यू या प्रसंगी माणसाला चार माणसांसमोर काही बोलावेसे वाटते, कोणाला तरी साक्षी ठेवावेसे वाटते, ही गरज त्यांनी पुरती ओळखली आणि तिला आदराने वागविले. समाज स्थापन होऊन तीन महिने झाले, तोच 25 डिसेंबर 1873 रोजी सीताराम जबाजी आल्हाट आणि ज्ञानोबा निंबणकरांची कन्या राधा यांचा विवाह भटजीवाचून लागला; त्यात जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाई यांचा पुढाकार होता. पुढच्या वर्षी मे महिन्यात ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांचे लग्न याच पद्धतीने झाले. विरोध झाला, धाकदपटशा झाला. परंतु लग्ने लागली ती लागलीच. याच ससाण्यांची मुलगी पुढे 4 फेब्रुवारी 1889 रोजी जोतीराव-सावित्रीबाईंच्या दत्तक मुलाची, यशवंताची, वधू झाली, म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांत या रीतीला दुसरी पिढी लाभली.

1887 साली जोतीरावांनी सत्यशोधक पद्धतीची मंगलाष्टके आणि पूजाविधी यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. मंगलाष्टके मराठीत आहेत हे तर झालेच, पण त्यांची रचना अधिक लक्षणीय आहे. रूढ मंगलाष्टकांत बोलणारा एकटा पुरोहित. वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना मुके उभे. येथे वर आणि वधू आळीपाळीने एकमेकांशी बोलतात. बायकांना स्वातंत्र्याचा अनुभव कधी मिळालाच नाही, तेव्हा त्यांचे हक्क त्यांना देण्याची शपथ घे, अशी मागणी वधू करते, आणि भर मांडवात वराला ती मान्य करावी लागते. त्या काळी वधू बहुधा अजाण वयाची असे, हे विसरून चालणार नाही; त्या कोवळ्या तोंडी घातलेले शब्द तिला कितपत उमगत असतील, ही शंका रास्त आहे. पण ते शब्द नुसते तिच्यासाठी नव्हते. मांडवात बसलेल्या आयाबाया आणि बापे त्यांच्या बोलीत ते ऐकत होते; कळणारे वचन मोडले म्हणजे मोडल्याचेही कळते, ही त्यातली मोठी जमेची बाजू होती.

अंत्यविधीतही हा आग्रह सुटला नाही. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीरावांचे निधन झाले. मिठात घालून पुरावे अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी घराच्या आवारात जागाही तयार होती. परंतु परवानगी न मिळाल्यामुळे दहन करावे लागले. अंत्ययात्रेपुढे टिटवे, म्हणजे विस्तवाचे मडके, धरून सावित्रीबाई चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. पतीच्या प्रेतापुढे पत्नीने टिटवे घेऊन चालणे ही त्या पुण्यात किती धाडसाची गोष्ट होती, हे सांगायला टीकेची गरज नाही.

जोशांनी हे सारे निमूटपणे पाहिले नाही. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनी घरची लग्ने जोशावाचून लावली, तेव्हा जोशांनी त्यांच्यावर हक्काचा दावा गुदरला आणि तो मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत जाऊन भिडला. कोर्टाची पायरी चढण्याचा खर्च, तारखांचे खेटे, वकिलाची फी, हे ओझे एका पाटलाने उचलले. गावोगावच्या सामान्य कुणब्याला ते झेपणारे नव्हते. दक्षिणा मुकाट्याने देऊन टाकणे स्वस्त पडावे, अशीच व्यवस्था होती, आणि म्हणून एखाद्या दाव्याच्या निकालाने मुळातला प्रश्न सुटण्यासारखा नव्हता.

पुढे कोल्हापुरात निराळ्याच वाटेने एक वाद उभा राहिला. छत्रपतींच्या घरची धर्मकृत्ये वेदोक्त मंत्रांनी करायला राजोपाध्यांनी नकार दिला. 1674 साली राज्याभिषेकापूर्वी खुद्द शिवाजीमहाराजांची मुंज करावी लागली होती, तो क्षत्रियत्वाचा सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न त्यांच्या वंशजापुढे पुन्हा उभा केला गेला. शाहू महाराजांनी 1902 साली राजोपाध्यांचे इनाम खालसा केले. वेदोक्ताचा आग्रह धरणे म्हणजे जुन्या मंत्रांवरचा अधिकार मागणे. सत्यशोधकांना ते मंत्रच नको होते. या दोन वाटा एका दिशेच्या नाहीत, आणि ब्राह्मणेतर चळवळीत पुढे जी ओढाताण झाली तिचे एक मूळ येथे आहे, असे मला वाटते. तरीही 1911 साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज पुन्हा उभा राहिला, त्याला महाराजांचा आश्रय होता. तेथे बहुजनांतून पुरोहित तयार होऊ लागले, आणि भास्करराव जाधवांनी ‘घरचा पुरोहित’ लिहून हे काम ज्याच्या त्याच्या घरात नेण्याची सोय केली.

वतनाची गाठ सुटली ती मुंबईच्या कायदेकौन्सिलात. सीताराम केशव बोले यांच्या खटपटीने 1926 साली जो कायदा झाला, त्याने ज्याला बोलावले नाही, ज्याने काम केले नाही, त्या वतनदाराला धर्मकृत्याची दक्षिणा वसूल करण्याची वाट बंद झाली. 1923 साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडणारे ते हेच बोले. पाण्याच्या ठरावाची कीर्ती महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे सर्वत्र पसरली. जोशांच्या कायद्याची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते. पहिल्या सत्यशोधक लग्नापासून या कायद्यापर्यंत 53 वर्षे गेली. तेवढ्या काळात ज्या शेकडो घरांनी गावकीचा रोष, सोयरिकी मोडण्याचे भय आणि दाव्याची टांगती तलवार पत्करून आपल्या मुलामुलींची लग्ने मराठीत लावली, त्यांतल्या फार थोड्यांची नावे इतिहासात उतरली आहेत.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत ब्राह्मणाकडून कोणतेही क्रियाकर्म करवून घेणार नाही, अशीही एक प्रतिज्ञा आहे. तीस वर्षांपूर्वीच्या कायद्याने जोशाची वसुली थांबविली होती. बोलावणे पाठविण्याची सवय मोडण्याचे काम मात्र कौन्सिलच्या हाती नव्हते, आणि ते लाखो माणसांनी त्या दिवशी मोठ्याने, स्वतःच्या तोंडाने, मराठीत अंगावर घेतले.