माकडतापाचा ताळेबंद

२०१७ साल सुरू झाले होते. आमच्या बांद्याच्या बागेत काजूला मोहोर होता आणि बेणणीचे काम चालू होते. कामाला येणाऱ्या मावशींनी दुपारी डोक्यावरचा भारा उतरवला आणि मला म्हणाल्या, "भाऊनू, वरच्या रानात माकडां मरान पडली हत. ह्यां काय बरां नाय." मी फारसे मनावर घेतले नाही. पंधरा दिवसांनी त्या स्वतःच तापाने अंथरुणाला खिळल्या. अंग मोडून आले, डोके ठणकू लागले, डोळे लाल झाले. रक्ताचा नमुना तपासणीला गेला आणि उत्तर आले : माकडताप. आदल्या वर्षी दोडामार्ग तालुक्यात त्याने माणसे नेली होती. आता तो आमच्या दारात आला होता.

मावशी बऱ्या झाल्या. त्या अंथरुणावर असताना मला एक प्रश्न पडला आणि तो आजवर सुटलेला नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका वाडीत आलेल्या तापाला काही दिवसांत नाव देता येते, म्हणजे ते नाव ओळखणारी यंत्रणा कोणीतरी, कधीतरी, पैसे खर्चून उभी केलेली असते. ते पैसे कोणाचे? कशासाठी दिलेले? मी शास्त्रज्ञ नव्हे, इतिहास शिकवून निवृत्त झालेला मास्तर. रोगाचे शास्त्र मला कळत नाही, पण जमाखर्च वाचता येतो. म्हणून या तापाचा जमाखर्च मांडून पाहिला.

पहिली नोंद १९५२ ची. त्या वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन असे दोघे त्याचे पालक. डास, गोचीड अशा कीटकांतून पसरणारे विषाणू जगभर शोधण्याचा रॉकफेलरचा मोठा कार्यक्रम होता आणि पुण्याचे केंद्र हा त्याचाच एक भाग. या संस्थेने पीतज्वरावर अनेक वर्षे काम केले होते. तिथल्या मॅक्स थायलर यांना पीतज्वराच्या लशीसाठी १९५१ चे नोबेल मिळाले होते. आशियात पीतज्वर नव्हता. तो इथे आला तर काय होईल, ही धास्ती मात्र होती.

पाच वर्षांनी ती धास्ती खरी ठरते की काय असे वाटले. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि त्यापाठोपाठ माणसेही. जंगलात माकडे मरणे ही पीतज्वराची खूण. पुण्याहून टेलफर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी कामाला लागले. निघाला तो नवाच विषाणू, गोचिडीतून पसरणारा. त्याची जवळीक दिसली ती पीतज्वराशी नव्हे, तर सायबेरियाकडच्या रशियन मेंदूज्वराच्या विषाणूशी. जंगलाच्या नावावरून रोगाला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हे नाव पडले. आपल्याकडे तो माकडताप झाला.

इथून जमाखर्चाला एक अनपेक्षित फाटा फुटतो. रशियातला विषाणू कर्नाटकात कसा पोचला? स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून तर नाही? हा संशय आला आणि पैसा पक्ष्यांकडे वळला. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि सालिम अली यांना पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याची मोठी मोहीम करता आली ती जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. पुढे मदत आली ती अमेरिकन लष्कराच्या संशोधन विभागाकडून. विषाणू पक्ष्यांनी आणल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे त्या कड्यांमुळे. तापाच्या नावाने आलेल्या पैशाने पक्षिशास्त्र मोठे केले.

मात्र लष्कराचा पैसा लष्कराचाच. १९७४ मध्ये वृत्तपत्रांतून आणि संसदेतून प्रश्न उठला : परकीय सैन्याला आपल्या पक्ष्यांत आणि विषाणूंत एवढा रस का? लोकलेखा समितीने भारतातील परकीय सहभागाच्या संशोधन प्रकल्पांवर १९७५ मध्ये सविस्तर अहवाल दिला. डासांच्या जननिक नियंत्रणाचा दिल्लीजवळचा प्रकल्पही याच वादळात सापडला आणि बंद पडला. कोणाचा संशय किती खरा होता याचा निवाडा मी करू शकत नाही. पण एक गोष्ट मला त्यातून उमगली. संशोधनाचा पैसा कोण देतो हे विचारण्याचा हक्क जनतेला आहे, आणि हा प्रश्न जनता विचारते तेव्हा आपला स्वतःचा पैसा तयार असावा लागतो. नाहीतर उत्तर एकच उरते : कुलूप.

पुण्याचे केंद्र या कुलपातून वाचले, कारण ते तोवर आपले झाले होते. रॉकफेलरने १९६७ मध्ये हात काढून घेतला. तेव्हापासून पगार, प्रयोगशाळा, प्राणिगृह असा सारा भार वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे करदात्याने, उचलला. १९७८ मध्ये केंद्राचे नाव राष्ट्रीय विषाणू संस्था झाले. २०१२ च्या डिसेंबरात तिथे अतिधोकादायक विषाणूंसाठी कडेकोट बंदोबस्ताची प्रयोगशाळा उभी राहिली. ताप तेव्हा मुख्यतः कर्नाटकातल्या मोजक्या जिल्ह्यांत होता. त्यानंतर तो केरळात दिसला, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात. तिथल्या साथीच्या तपासात याच संस्थेचे शास्त्रज्ञ होते. साथ नव्हती त्या वर्षांतही संस्थेचा दिवा तेवत राहिला, म्हणून मावशींच्या तापाला नाव मिळाले. ही जमेची बाजू.

आता खर्चाची. लस होती. फॉर्मेलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची, पुण्याच्या संशोधनातून निघालेली, कर्नाटकात तयार होणारी. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्षेत्रीय चाचणीत दोन डोस घेतलेल्यांना ९३ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळाल्याचे दिसले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात हाच आकडा ६२ वर आला. म्हणजे ताप नव्या मुलखात पाय पसरत असताना लस जुनीच होती. नवी लस करायला पैसा लागतो, आणि गरीब, विखुरलेल्या, रानात कष्ट करणाऱ्या माणसांच्या रोगासाठी पैसा साथ आली की येतो आणि साथ ओसरली की जातो.

ताळेबंदाचे दुसरे पान आमच्या घराजवळचे आहे. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र कोकण कृषी विद्यापीठाहून जुने. दापोलीचे हे विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले आणि केंद्र त्याच्याकडे आले. काजूसाठी अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९७१ पासून. त्याचा हिशेब साधा : रुपयातले पंचाहत्तर पैसे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे, पंचवीस पैसे विद्यापीठामार्फत राज्याचे. रक्कम डोळे दिपवणारी नव्हे, पण दरवर्षी येणारी. काजूच्या संकरापासून शिफारशीपर्यंत दहा-पंधरा वर्षे जातात आणि तेवढी वर्षे झाडाशेजारी वही घेऊन कोणीतरी उभे असावे लागते. १९८१ मध्ये वेंगुर्ला-४ आली, मिदनापूर रेड आणि वेतोरे-५६ यांच्या संकरातून. वेतोरे हे वेंगुर्ला तालुक्यातले गाव. बी साडेसात ग्रॅमच्या वर. १९९७ मध्ये वेंगुर्ला-७ आली, तिची बी सुमारे दहा ग्रॅमची. त्याआधी १९९० पासून रोजगार हमीच्या फळबाग योजनेने डोंगरउतारावर कलमे लावायला पैसा दिला होता. आमची बाग त्यातलीच. माझ्या मुलींची शिक्षणे त्या बागेवर झाली. सरकारी विद्यापीठाच्या संशोधनाचा माझ्या घरातला पुरावा याहून वेगळा द्यायला नको.

ही दोन पाने शेजारी ठेवली की मधली रिकामी जागा दिसते. काजूची बी पडते पातेऱ्यात. गोचिडीची पिल्लेही पातेऱ्यातच असतात, आणि त्यांचा जोर डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका बेणणीचा आणि काजूचा हंगाम. रान आणि बाग यांच्यात आमच्याकडे कुंपण असते ते नावापुरते. माकडे बोंडूला येतात, गुरे दोन्हीकडे चरतात. गोव्यातल्या काजू कामगारांना होणाऱ्या माकडतापावर पुण्याच्या शास्त्रज्ञांचा निबंध प्रसिद्ध झाला तो २०१७ मध्ये, माणसे आजारी पडल्यानंतर. यात कोणा संशोधकाची चूक नाही. काजूचा निधी झाडासाठी मंजूर होतो, तापाचा निधी विषाणूसाठी. झाडाखाली वाकून बी वेचणारी बाई दोन्ही अर्जांच्या मधल्या कोऱ्या जागेत उभी असते.

ती जागा भरायला फार मोठी रक्कम लागेल असे मला वाटत नाही. कृषी विद्यापीठाच्या केंद्रात एक कीटकशास्त्रज्ञ, जो दर महिन्याला बागेच्या कडेने पांढरे कापड ओढून गोचिडी मोजेल. एक पशुवैद्य. मेलेल्या माकडाची खबर घेणारा एक माणूस. आणि मुख्य म्हणजे साथ नसलेल्या वर्षीही चालू राहणारा त्यांचा पगार. काजूला पंचाहत्तर-पंचवीसच्या हिशेबाने जे मिळाले, तेच काजू वेचणाऱ्याला मिळावे, एवढीच मागणी.

मावशी अजून कामाला येतात. बागेत शिरण्याआधी बांधावर बसून हातापायांना तेल चोळतात आणि लुगड्याचा काष्टा घट्ट आवळतात. वरच्या रानात माकड मेलेले दिसले की अजून सगळ्यांत आधी त्यांनाच कळते. ती खबर आजही मीच ऐकतो आणि पुढे फोनवरून कळवतो. त्यांचे म्हणणे नियमाने वहीत उतरवून घेणारा माणूस मात्र अजून नेमला गेलेला नाही.