क्रोशाचं मांजर

वऱ्हाडचा इतिहास म्हणजे कापसाचा इतिहास. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवीत इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. गाठी विलायतेला गेल्या, दोऱ्याची रिळं आमच्या घरात आली. सोनं कुठं गेलं कोण जाणे!

आयर्लंडात १८४५ नंतरच्या दुष्काळात बायकांनी क्रोशाच्या सुईवर संसार तगवले. अकोल्याच्या आमच्या आत्यानं त्याच सुईवर रेडिओसाठी मांजर विणलं. चार खांब म्हणजे भरीव घर. मध्ये दोन साखळ्या घातल्या की रिकामं. भरीव घरांचं मांजर, रिकाम्यांची हवा.

शेजारीण म्हणाली, "हे मांजर हाय का डुक्कर वं बाई?" आत्या दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेपूट उसवून लांब केली.

आता आत्या नाही, रेडिओही नाही. कापसाच्या गाठींची नोंद सरकारी गॅझेटियरात सापडते. आत्याच्या टाक्यांची फक्त त्या रुमालावर. परवा आमच्या खऱ्या मांजरानं त्याचा दोरा ओढला, आणि आयुष्यात प्रथमच मी इतिहासाच्या रक्षणार्थ धावलो.