खुर्चीमागचा पहारा
टेनिसमध्ये बाजू बदलताना खेळाडू प्रेक्षकांकडे पाठ करून खुर्चीत बसतात. ३० एप्रिल १९९३ रोजी हँबुर्गमध्ये त्याच विसाव्यात स्टेफी ग्राफच्या एका माथेफिरू चाहत्याने मोनिका सेलेसच्या पाठीत सुरा खुपसला. १९ वर्षांची सेलेस तेव्हा जगात अव्वल होती. जखम काही आठवड्यांत भरली. भीती आणि नैराश्याने मात्र तिला दोन वर्षांहून अधिक काळ कोर्टापासून दूर ठेवले. हल्लेखोराची शिक्षा स्थगित झाली, तुरुंगवास टळला. सेलेस जर्मनीत पुन्हा खेळली नाही, यात नवल ते काय! ऑगस्ट १९९५ मध्ये परतताच तिने टोरोंटोची स्पर्धा जिंकली आणि १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन, तिचे नववे व शेवटचे ग्रँड स्लॅम. खुर्च्यांमागे सुरक्षारक्षक उभे करण्याची पद्धत या हल्ल्यानंतर रुजली.