डोक्यातली तार, हातातलं बटण

मेंदूत चिप बसवल्याची बातमी आली की मथळा ठरलेला असतो: ‘विज्ञानकथा प्रत्यक्षात!’ जानेवारी २०२४मध्ये न्यूरालिंकने पहिल्यांदा एका माणसाच्या मेंदूत आपलं यंत्र बसवलं, तेव्हाही हाच सूर होता. मला या मथळ्याची गंमत वाटते, कारण त्यात क्रमच उलटा आहे. मेंदूतली तार ही काही विज्ञानकथालेखकांच्या डोक्यातून निघालेली गोष्ट नव्हे. ती प्रयोगशाळेत आधीपासून होती. उंदरांच्या डोक्यात होती, माकडांच्या होती, इस्पितळातल्या काही रुग्णांच्याही होती. लेखकांनी ती तिथून उचलली आणि पांढऱ्या कोटातली माणसं घाईत जो प्रश्न ओलांडून पुढे गेली होती, तो धरून बसले. तार डोक्यात आहे हे ठीक, पण बटण कुणाच्या हातात आहे?

१९६३ साली स्पेनमध्ये, कोर्दोबाजवळच्या एका फार्मवर, येल विद्यापीठाचे होसे डेल्गादो बैलाच्या रिंगणात उतरले. हातात एक रेडिओ ट्रान्समीटर. बैलाच्या मेंदूत त्यांनी आधीच इलेक्ट्रोड बसवून ठेवले होते. बैल अंगावर धावून आला, डेल्गादोंनी बटण दाबलं आणि बैल थबकून बाजूला वळला. मे १९६५मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही हकीकत पहिल्या पानावर छापली आणि त्या बैलाचा फोटो जगभर फिरला. रेडिओ लहरीने राग विझवता येतो, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला. डेल्गादोंच्या टीकाकारांनी मात्र वेगळंच म्हटलं. ज्या भागात इलेक्ट्रोड होते, तो भाग हालचालींशीही संबंधित आहे. बैलाचा राग गेला नसेल, त्याचं अंग नुसतं एका बाजूला वळलं असेल. हा वाद तज्ज्ञांचा म्हणून सोडून देऊ नये. राग काढून घेतलेला प्राणी आणि जबरदस्तीने वळवलेला प्राणी प्रेक्षकांच्या बाकांवरून अगदी सारखे दिसतात.

डेल्गादो हे काही दुष्ट शास्त्रज्ञ नव्हते. माणसाने निसर्गावर ताबा मिळवला, आता स्वतःच्या मनावर मिळवावा, अशी त्यांची प्रामाणिक आशा होती. १९६९च्या त्यांच्या पुस्तकाच्या शीर्षकात ‘मनाचं भौतिक नियंत्रण’ आहे, आणि उपशीर्षकात मनाच्या विज्ञानाने घडवलेल्या एका सुसंस्कृत समाजाचं स्वप्न. पाठोपाठ त्यांनी पॅडी नावाच्या चिंपांझीवर प्रयोग केला. त्यात माणसाचा हातही काढून टाकला होता. पॅडीच्या मेंदूत एक विशिष्ट लहर उमटली की संगणक ती ओळखायचा आणि मेंदूतल्या दुसऱ्या जागी नकोसा झटका द्यायचा. काही दिवसांत ती लहर जवळजवळ नाहीशी झाली. पॅडी शांत झाला. थोडा निरुत्साहीही झाला.

मायकेल क्रायटनची ‘द टर्मिनल मॅन’ ही कादंबरी १९७२ची. क्रायटन हार्वर्डमधून डॉक्टर होऊन बाहेर पडला होता आणि शेजारीच बॉस्टनमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेने हिंसक वृत्ती बरी करण्याचे प्रयोग गाजत होते. व्हर्नन मार्क आणि फ्रँक एर्विन यांचं ‘व्हायोलन्स अँड द ब्रेन’ १९७०चं. क्रायटनचा नायक हॅरी बेन्सन याला अपस्माराचे झटके येतात आणि त्या भरात तो माणसांवर हात टाकतो. डॉक्टर त्याच्या मेंदूत चाळीस इलेक्ट्रोड बसवतात, सोबत एक छोटा संगणक. झटका येऊ लागला की संगणक तो ओळखतो आणि सुखद वाटणाऱ्या जागी वीज सोडून तो मोडून काढतो. म्हणजे पॅडीचीच मांडणी, फक्त शिक्षेऐवजी बक्षीस. आणि इथेच क्रायटनने खुंटी मारून ठेवली आहे. झटक्यानंतर सुख मिळतं हे बेन्सनचा मेंदू शिकतो. मग तो जास्त झटके आणू लागतो. डॉक्टर रात्री आलेखावर ठिपके मांडतात आणि पहाटे किती वाजता सगळं हाताबाहेर जाणार याचं गणित त्यांच्यासमोर उभं राहतं.

कादंबरी म्हणून ती मला कोरडी वाटते. पात्रं तक्त्यांसारखी आहेत. पण एक गोष्ट विसरता येत नाही. बेन्सन हा संगणकतज्ज्ञ आहे आणि यंत्रं जगाचा ताबा घेणार अशी भीती त्याच्या मनात आधीपासून घर करून आहे. अशाच माणसाच्या डोक्यात यंत्र बसवायला डॉक्टर निघतात. मनोविकारतज्ज्ञ जॅनेट रॉस हे सांगते. तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं, आणि शस्त्रक्रिया ठरल्या वेळी होते. बेन्सनची संमती आहेच की, सही आहे. पुढच्याच वर्षी, १९७३मध्ये, मिशिगनच्या एका न्यायालयासमोर खरंखुरं प्रकरण आलं. मनोरुग्णालयात अनेक वर्षं कोंडलेल्या माणसाची मेंदूवरच्या प्रायोगिक शस्त्रक्रियेला दिलेली संमती खरी मानायची का? न्यायालय म्हणालं, नाही. सुटका ज्यांच्या हातात आहे त्यांनाच दिलेला होकार मोकळा असू शकत नाही.

बटण दुसऱ्याच्या हातात असणं वाईट, हे कळायला सोपं आहे. लॅरी निव्हनने ते माणसाच्या स्वतःच्या हातात दिलं. त्याच्याही मागे प्रयोगशाळा होतीच. १९५४मध्ये मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांच्या एका उंदराच्या मेंदूतला इलेक्ट्रोड चुकून भलत्याच जागी बसला. त्या चुकीतून असं दिसलं की, उंदराला स्वतःच वीज घेण्याची सोय दिली तर तो खटका दाबतच राहतो, तासाला शेकडो, पुढच्या प्रयोगांत तर हजारो वेळा. निव्हनच्या १९६९च्या कथेत ओवेन जेनिसन नावाचा माणूस आपल्या खोलीत मेलेला सापडतो. टाळूतून मेंदूत गेलेली तार, ती भिंतीतल्या विजेला जोडलेली, आणि चेहऱ्यावर हसू. तो उपासमारीने मेला आहे. त्याचा मित्र गिल हॅमिल्टन याला हे पटत नाही. ओवेन असा माणूस नव्हता. कथा पुढे खुनाच्या तपासाकडे वळते, आणि वाचक म्हणून आपण मनोमन खुनीच सापडावा अशी इच्छा करतो. खून झाला असेल तर निदान ओवेन तरी सुटतो.

निव्हनची कथा आली त्यानंतर तीन वर्षांनी, १९७२मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठातल्या रॉबर्ट हीथ यांनी एका तरुण रुग्णाबद्दलचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवून बटण त्याच्याच हातात दिलं होतं. तीन तासांत तो हजार-दीड हजार वेळा ते दाबायचा आणि काढून घेतलं की विरोध करायचा. प्रयोगाचा हेतू काय, तर त्याची समलैंगिकता ‘बरी’ करणं. निव्हनच्या कथेपेक्षा हा निबंध वाचताना मला जास्त अस्वस्थ वाटतं. बटण कागदोपत्री त्या तरुणाच्या हातात होतं. तार कशासाठी घालायची, हे मात्र दुसऱ्यांनी ठरवलं होतं.

ऐंशीच्या दशकात तार घराघरांतल्या संगणकापर्यंत आली आणि मेंदू म्हणजे कपाट झालं. विल्यम गिब्सनच्या ‘जॉनी नेमॉनिक’चा (१९८१) नायक स्वतःच्या डोक्यात इतरांची माहिती वाहून नेतो, ती काय आहे हे त्याला स्वतःला कळत नाही. १९९५च्या सिनेमात तर त्याने जागा करण्यासाठी आपल्या बालपणाच्या आठवणी काढून टाकलेल्या असतात. याची क्षमता ऐंशी गिगाबाइट. आज ऐकून हसू येतं. त्याहून मोठं कार्ड मोबाइलमध्ये असतं. त्याच वर्षीच्या ‘घोस्ट इन द शेल’ या जपानी चित्रपटात एका कचरागाडीवरच्या कामगाराला कळतं की, ज्या बायको-मुलीसाठी तो जीव पाखडतोय, त्या कधी नव्हत्याच; आठवण बाहेरून घातलेली आहे. त्या दोन-तीन मिनिटांसाठी मी तो सिनेमा पुन्हा पाहतो, बाकीच्या मारामाऱ्या सोडून देतो.

मला सगळ्यात जवळची वाटते ती एम. टी. अँडरसनची ‘फीड’, २००२ची. किशोरांसाठी लिहिलेली. अमेरिकेतल्या बहुतेक मुलांच्या मेंदूत लहानपणापासून ‘फीड’ बसवलेलं आहे. गप्पा, गाणी, जाहिराती, सगळं आतच. व्हायोलेटच्या घरी पैसे नव्हते, म्हणून तिला ते उशिरा बसवलं गेलं आणि नीट जुळलं नाही. त्यात ती एक खोडी करते. कंपनीला आपली आवड कळू नये म्हणून मुद्दाम वाटेल त्या वस्तूंची चौकशी करत राहते. मग फीड बिघडतं, तिचे हातपाय एकेक करून साथ सोडू लागतात. दुरुस्तीच्या खर्चासाठी कंपनीकडे अर्ज जातो. उत्तर येतं की, ग्राहक म्हणून तुझा अंदाज बांधता येत नाही, त्यामुळे तुझ्यावर पैसे गुंतवणं परवडणारं नाही. इथे कुणी बटण दाबत नाही. कुणीच दाबत नाही, आणि ती मरते.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर माझा भाचा असतो. त्याला जन्मतः ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या वर्षी कॉक्लिअर इम्प्लांट झालं. ते मेंदूत नसतं, कानाच्या आत असतं, पण श्रवणाच्या मज्जातंतूला थेट वीज देतं. आतला भाग आयुष्यभर राहावा अशी अपेक्षा. कानामागे लावायचा प्रोसेसर मात्र काही वर्षांत जुना होतो. त्याचं मॉडेल बंद झालं तेव्हा कंपनीच्या माणसाने फोनवर बहिणीला अतिशय नम्रपणे सांगितलं, “ताई, याचे सुटे भाग आता येत नाहीत. नवीन घ्या.” नवीन म्हणजे काही लाख रुपये. आधीच्या ऑपरेशनचं कर्ज तेव्हा नुकतंच फिटलं होतं.

अमेरिकेत हेच डोळ्यांच्या बाबतीत घडलं. ‘आर्गस टू’ या दृष्टिपटलावरच्या इम्प्लांटला तिथे २०१३मध्ये परवानगी मिळाली. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतलं. २०१९मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं आणि पुढे ती दिवाळखोरीच्या काठावर गेली. यंत्रं लोकांच्या डोळ्यांत तशीच राहिली. ‘ब्लॅक मिरर’ या मालिकेचा ‘कॉमन पीपल’ हा भाग एप्रिल २०२५मध्ये आला. त्यात बायकोचा मेंदू चालू ठेवण्यासाठी नवरा दरमहा पैसे भरतो, आणि स्वस्त योजनेत तिच्या तोंडून मध्येच जाहिराती बाहेर पडतात. समीक्षकांनी त्याला भविष्याचं व्यंगचित्र म्हटलं. ज्यांच्या घरी सुट्या भागांची वाट पाहिली जाते, त्यांना त्यात भविष्य फारसं दिसलं नसावं.

इलॉन मस्क २०१६च्या सुमारास ‘न्यूरल लेस’ हा शब्द वापरू लागले, मेंदूवर पसरलेली तारांची जाळी अशा अर्थाने. शब्द इयन बँक्सच्या ‘कल्चर’ कादंबऱ्यांतला. त्यांतल्या ‘एक्सेशन’मध्ये (१९९६) एक अंतराळयान छळाच्या हत्यारांचा संग्रह बाळगून असतं, आणि त्या संग्रहात एक न्यूरल लेसही आहे. मस्क यांनी शब्द घेतला, संग्रहालय मागेच राहिलं.

बहिणीने शेवटी जुनाच प्रोसेसर चालू ठेवला. पालकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कुणाचं मूल नव्या मॉडेलवर गेलं की जुन्या केबल, कॉइल, बॅटरीची झाकणं तिथे फिरतात. मागच्या महिन्यात नागपूरहून एक कॉइल कुरिअरने आली. भाच्याने ती लावली, क्षणभर मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाला, “मामा, पंखा वाजतोय.”