झोपेत मेंदू खरंच धुतला जातो का?

शरीरातील कचरा वाहून न्यायला लसिकावाहिन्या असतात; मेंदूच्या आत त्या नाहीत. मग तिथली सफाई कोण करतं?

२०१२ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात डॉ. मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाला जिवंत उंदरांत उत्तर दिसलं: मेंदूभोवतीचा द्रव रक्तवाहिन्यांच्या कडेने आत शिरतो आणि कचरा धुऊन नेतो. नाव ठेवलं ‘ग्लिम्फॅटिक’. २०१३ मध्ये दिसलं की झोपेत पेशींमधली जागा सुमारे ६० टक्के वाढते आणि अल्झायमरशी संबंधित बीटा-अमायलॉइड लवकर बाहेर पडतं.

२०२४ मध्ये मात्र लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये उंदरांतच उलटं आढळलं: झोपेत सफाई मंदावली! हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून ‘मेंदू साफ करणाऱ्या’ गोळ्यांवर पैसे घालवू नका. झोप मात्र कमी करू नका. रक्तदाब, साखर आणि स्मरणशक्तीसाठी ती हवीच.