बिब्बा, काजू आणि वावडे

कोणी चालत्या कामात खोडा घातला, की 'त्याने बिब्बा घातला' असे आपण म्हणतो. या म्हणण्यामागे जुना अनुभव आहे. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले, की एक-दोन दिवसांत ती जागा सुजते, खाजते, फोड येतात. यालाच बिब्बा उतणे म्हणतात. त्याच फळातली गोडंबी मात्र आपण डिंकाच्या लाडवात आवडीने खातो.

नांदगाव पेठेहून मेळघाटाकडे गेले, की जंगलात बिब्ब्याची झाडे भेटतात. चरकसंहितेत याचे नाव 'भल्लातक'. धोबी याच्या रसाने कपड्यांवर खुणा करीत. १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता याने 'अनाकार्दो' या नावाने त्याची माहिती दिली. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला काजू हा बिब्ब्याचाच भाऊबंद. १७५३ साली लिनियसने 'अनाकार्डियम' हे बिब्ब्याचे जुने नाव काजूच्या प्रजातीला दिले.

१९०६ साली फॉन पिर्के याने 'अॅलर्जी' हा शब्द घडवला. आपण त्याला वावडे म्हणू. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर चट्टे उठू लागले. धोब्याची खूण हे त्याचे कारण १९४३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत पॉयझन आयव्ही ही बिब्ब्याच्याच कुळातली वेल आहे. दोघांच्या तेलातली रसायने सारखी. ज्यांना पूर्वी ती वेल बाधली होती, त्यांचे शरीर बिब्ब्यालाही लगेच ओळखत होते. असे वावडे रक्तद्रवातून नव्हे, तर पांढऱ्या पेशींमार्फत घडते, हे लँडस्टायनर व चेस यांनी १९४२ साली गिनीपिगवर दाखवले होते.

काजू खाल्ल्यावर काही मिनिटांतच ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, दम लागणे हा प्रकार वेगळा. येथे दोष टरफलातल्या तेलाचा नसतो. काही जणांचे शरीर गरातल्या प्रथिनांनाच शत्रू मानते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे इशिझाका दांपत्याने १९६६ साली शोधली. काजू भाजला तरी हे वावडे टळत नाही. अशा व्यक्तींना पुष्कळदा पिस्ताही चालत नाही.

पहिला प्रकार त्रासदायक, तर दुसरा क्वचित जीवघेणा. म्हणून डब्यातला काजू 'मला चालत नाही' असे विद्यार्थी म्हणाला, तर शिक्षकांनी तो नखरा समजू नये आणि खाऊन पाहण्याचा आग्रह तर मुळीच करू नये. खाल्ल्यावर दम लागला, तर त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.